आपल्या मताचा इतरांना काय उपयोग?

1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एका पुस्तिकेच्या पाचशे प्रती छापल्या गेल्या. पुस्तिकेचं नाव 'स्त्रीपुरुषतुलना', लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. निमित्त एका खटल्याचं होतं. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेनं बदनामीच्या धास्तीनं आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेतला, असा गुन्हा तिच्यावर शाबीत झाला. आधी फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. या खटल्याच्या आडून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या चालचलणुकीचा उद्धार सुरू केला. ताराबाई वकील नव्हत्या, संपादक नव्हत्या, कुठल्या सभेच्या पदाधिकारीही नव्हत्या. त्यांनी एक सोपी गोष्ट केली. बायकांच्या माथी मारले जाणारे दुर्गुण एकेक करून समोर घेतले आणि प्रत्येक वेळी विचारलं, की हा दुर्गुण पुरुषात नाही काय? बायको वारली की नवरा दुसरी करून आणतो, मग नवरा वारल्यावर बाईनंच केस उतरवून कोपऱ्यात का बसायचं? बाईला फसवणारा गावात उजळ माथ्यानं फिरतो आणि फसलेली फासावर चढते, हा कुठला न्याय? पुस्तिका निघाली तशी टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू जाहीरपणे उचलून धरली, तरी त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पुस्तिकाही विस्मरणात गेली. 1975 साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रकाशात आणली.

त्या खटल्यावर तेव्हा जे अग्रलेख लिहिले गेले ते आज कुणी वाचत नाही. ताराबाईंचा मजकूर मात्र विद्यापीठांत अभ्यासला जातो. केवळ लेखनाच्या धारेमुळे असं झालेलं नाही. न्यायाधीशापुढे आरोपी होती, साक्षी होत्या, कायद्याचं कलम होतं, पण विधवेच्या घरातला रोजचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, याची नोंद त्या कागदपत्रांत नव्हती. ती ताराबाईंनी आणली. बातमीवर मत द्यायला त्या निघाल्या आणि त्या मताच्या पोटी समाजाच्या हाती आधी नसलेली माहिती आली. मत मांडण्याविषयी आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा हक्काची भाषा वापरतो. मला बोलण्याचा अधिकार आहे, घटनेनं तो दिला आहे, वगैरे. ते खरंच आहे. परंतु बोलणाऱ्याचा हक्क मान्य केल्यावरही ऐकणाऱ्यानं ते का ऐकावं, हा प्रश्न उरतोच. या लेखाचं म्हणणं असं, की चालू घडामोडींवरचं सामान्य माणसाचं मत तेव्हा मोलाचं ठरतं, जेव्हा ते त्याच्या रोजच्या जगण्यातली माहिती घेऊन येतं आणि ती माहिती तपासता येईल अशा कारणांसह पुढे ठेवतं. या दोहोंपैकी एक जरी गोष्ट नसली, तर हक्क शाबूत राहतो आणि उपयोग संपतो.

मराठी सार्वजनिक चर्चेचा इतिहास याला पुरावे देतो. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, पुढे 1841 साली भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' निघालं आणि 1848 पासून त्याच 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या टोपणनावानं पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीत होते आणि सरकारी नोकरीत होते. शतपत्रं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या 108 पत्रांत आपलं राज्य का गेलं, ही मोठी चर्चा आहे. पण ती चर्चा पाठांतरालाच विद्या समजणाऱ्या पंडितांवरून, मुलींच्या लग्नाच्या वयावरून, परदेशी कापडावर होणाऱ्या खर्चावरून केलेली आहे. याहून ठसठशीत उदाहरण 1855 चं आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिनं नुसतं 'आमच्यावर अन्याय होतो' असं म्हटलं नाही. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, थंडीवाऱ्यात आणि पावसात त्यांचं काय होत असेल ते स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहा, असं तिनं वाचकांना सुनावलं. वेद वाचण्याचा अधिकार एकाच जातीला असेल तर आमचा धर्म कोणता, असंही विचारलं. त्या काळच्या कुठल्याही सरकारी अहवालात न सापडणारी वस्तुस्थिती एका शाळकरी मुलीच्या मतात आहे. छप्पर नसलेलं बाळंतपण ही माहिती आणि त्यावरून केलेला धर्माविषयीचा प्रश्न हा तर्क. दोन्ही एकत्र आल्यामुळे तो निबंध आजही टिकून आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. एकाच्या अनुभवावरून समाजाचं अनुमान कसं काढायचं? एका घरातली गोष्ट म्हणजे आकडेवारी नव्हे. आक्षेप रास्त आहे, आणि एका अनुभवावरून 'सगळीकडे असंच आहे' असं ठोकून देणारा माणूस चुकतोच. परंतु इथे दोन वेगळी कामं एकात मिसळली जातात. एखादी गोष्ट किती घरांत घडते हे मोजण्याचं काम पाहणीचं, जनगणनेचं. काय मोजायला हवं हे सुचवण्याचं काम मात्र आधी कुणाला तरी तोंड उघडूनच करावं लागतं. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा टेकवला तरी तो जुळत नाही, ही अडचण यंत्र बसवण्याचा निर्णय घेणाऱ्यांच्या कधी लक्षात येणार? त्यांचे अंगठे कागद हाताळून झिजत नाहीत. विटा उचलून, सिमेंट कालवून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या, त्यांच्या तक्रारीतूनच ती बाहेर आली. तक्रार म्हणजे योजनेवरचं मतच. ते एका माणसाचं असेना का, त्यामुळे निदान प्रश्न तरी तयार होतो. मग शंभर दुकानं तपासा आणि ठरवा, की ती एकट्याची अडचण आहे की हजारोंची.

मत दाबलं की हीच वाट बंद होते आणि तिची किंमत किती मोठी असू शकते, हे दुष्काळांच्या इतिहासातून दिसतं. अमर्त्य सेन यांनी मांडलेला सिद्धान्त प्रसिद्ध आहे: निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रं असलेल्या देशात मोठ्या प्रमाणावर भूकबळी घेणारा दुष्काळ पडत नाही. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली, असे अंदाज आहेत. युद्धकाळातल्या नियंत्रणामुळे बातम्या दबून राहिल्या होत्या. ऑगस्ट 1943 मध्ये कोलकात्याच्या 'स्टेट्समन'चे संपादक इयन स्टीफन्स यांनी रस्त्यांवर पडलेल्या उपाशी माणसांची छायाचित्रं छापली, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. 1958 ते 1961 या काळात चीनमध्ये याहून कितीतरी मोठा संहार झाला. तिथे खालच्या अधिकाऱ्यांनी धान्याचे आकडे फुगवून वर पाठवले, कारण पीक बुडालं असं म्हणणं म्हणजे पक्षाच्या धोरणाविरुद्ध बोलणं होतं. परिणामी राज्यकर्तेच आपल्या देशाबद्दल अंधारात राहिले. याच्या उलट आपल्याकडचा 1972 चा दुष्काळ. पिकं करपली, जनावरं गेली, माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली. पण मोर्चे निघत होते, विधिमंडळात प्रश्न विचारले जात होते, कामावर मजुरी कमी मिळते याचा बोभाटा वर्तमानपत्रांतून होत होता. त्या धामधुमीत दुष्काळी कामांचा विस्तार झाला आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उतरलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 मध्ये कायद्याचं रूप आलं. खडी फोडणाऱ्या बाईचं मजुरीविषयीचं मत हे सरकारी यंत्रणेला हवं असलेलं मोजमापच होतं. ते उघडपणे बोललं गेलं म्हणून यंत्रणेला दुरुस्तीला वाव मिळाला.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांच्या बाजूनं येतो. अर्थकारण, परराष्ट्र धोरण, साथीचे रोग हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही; ज्याचं काम त्यानं करावं आणि बाकीच्यांनी गप्प बसावं, असं अनेक सुशिक्षितांना मनापासून वाटतं. यातला अर्धा भाग मान्य करायलाच हवा. लशीमुळे शरीरात काय घडतं, धरणाच्या भिंतीवर पाण्याचा दाब किती येतो, या प्रश्नांची उत्तरं बहुमतानं ठरत नाहीत. तिथे 'मला असं वाटतं' याला काही अर्थ नाही. परंतु लस कुणाला आधी द्यावी, धरणासाठी कुणाचं गाव उठवावं आणि त्याला मोबदला काय द्यावा, हे प्रश्न त्याच विषयातले असूनही निव्वळ तांत्रिक नाहीत. त्यांत मूल्यांची निवड असते आणि ती निवड ज्यांच्या अंगावर येणार त्यांना विचारल्याशिवाय करता येत नाही. दुसरं असं, की राजकारणाच्या भविष्याबद्दल बोलताना खुद्द तज्ज्ञांची मजल कुठवर जाते, हेही तपासून पाहिलं गेलं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी जवळपास दोन दशकं 284 तज्ज्ञांची भाकितं गोळा करून ती प्रत्यक्ष घटनांशी ताडून पाहिली आणि 2005 साली निष्कर्ष पुस्तकरूपानं मांडले. सरासरी तज्ज्ञ अंदाजपंचे सांगणाऱ्यापेक्षा फारसा सरस ठरला नाही. त्यातल्या त्यात बरी भाकितं केली ती एकाच सिद्धान्ताला चिकटून न बसता अनेक बाजूंनी विचार करणाऱ्या आणि चूक दिसताच मत बदलणाऱ्या मंडळींनी. म्हणजे निर्णायक फरक पदवीपेक्षा विचार करण्याच्या रीतीत होता. ही रीत सामान्य माणसालाही शिकता येते.

ती शिकण्यातला पहिला अडथळा आपल्याच डोक्यात असतो. 2002 साली येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी लोकांना विचारलं, की कपड्याची चेन, कुलूप, संडासाचा फ्लश या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती कळतं? बहुतेकांनी स्वतःला भरघोस गुण दिले. मग त्यांना ते टप्प्याटप्प्यानं लिहून काढायला सांगितलं. लिहिता लिहिता अनेकांची दांडी उडाली आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी स्वतःचे गुण आपणहून कमी केले. फिलिप फर्नबॅक आणि सहकाऱ्यांनी 2013 साली हाच प्रयोग सरकारी धोरणांच्या बाबतीत केला. धोरण नेमकं कसं काम करेल हे समजावून सांगायची वेळ आली, की आपल्याला ते फारसं कळलेलं नाही, हे लोकांच्या ध्यानात येत होतं. हे पाहून कुणी म्हणेल, की मग सामान्यांनी बोलूच नये. प्रयोगाचा धडा मात्र उलटा आहे. गप्प बसलेल्या माणसाचा भ्रम तसाच राहतो. तो उतरतो कारणं देण्याच्या सक्तीनं. 'कर्जमाफी चुकीची आहे' किंवा 'कर्जमाफी झालीच पाहिजे' एवढं म्हणून थांबणाऱ्याला कुणी विचारलं, की कोणतं कर्ज, सावकाराचं की बँकेचं, माफीचा पैसा शेतकऱ्याच्या खात्यात येतो की बँकेच्या, आणि पुढल्या हंगामात त्याला नवं कर्ज कोण देणार, तर दोन्ही बाजूंचा आवाज आपोआप खाली येतो. चव्हाट्यावर मत मांडण्याचा हा फायदा ऐकणाऱ्याआधी बोलणाऱ्याला मिळतो.

कारण देणं पुरेसं नसतं, कारणाखालची वस्तुस्थितीही खरी असावी लागते. याचा दाहक धडा मराठी पत्रकारितेला एकोणिसाव्या शतकातच मिळाला. 4 जानेवारी 1881 रोजी 'केसरी'चा पहिला अंक निघाला, संपादक गोपाळ गणेश आगरकर. कोल्हापूरच्या गादीवरचे चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालवला आहे, असा संशय तेव्हा बळावला होता. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी हा विषय लावून धरला आणि संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर थेट आरोप केले. आरोपांचा आधार असलेली पत्रं न्यायालयात खरी ठरू शकली नाहीत. अब्रुनुकसानीच्या खटल्यात आगरकर आणि 'मराठा'चे संपादक टिळक या दोघांना शिक्षा झाली आणि 1882 साली त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे महाराजांच्या हालांविषयीची काळजी अनाठायी नव्हती. पण काळजी खरी असली म्हणून कागद खरे ठरत नाहीत. खोट्या पत्रांमुळे सगळी चर्चा महाराजांवरून उठून संपादकांच्या गुन्ह्यावर गेली. आज हातोहात पुढे सरकणाऱ्या चित्रफितींच्या आणि कापून जोडलेल्या भाषणांच्या काळात हा खटला शाळेत शिकवावा इतका ताजा आहे. आपली बाजू न्याय्य आहे, असं ज्याला वाटतं, त्यानं तर आपला पुरावा दुप्पट काळजीनं तपासला पाहिजे. बाजू जितकी खरी तितकं खोट्या पुराव्यानं होणारं नुकसान मोठं.

नाव लपवून बोलणाऱ्याचं काय करायचं? बेजबाबदार शिवीगाळ बहुधा टोपणनावाआडून होते, म्हणून स्वतःच्या नावानं बोलण्याची हिंमत नसेल तर बोलूच नये, असा एक विचार आहे. तो लोकहितवादींना लावला तर शतपत्रं रद्द करावी लागतील. 1885 साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीनं बालविवाहाविरुद्ध पत्रं आली, तीही बाद करावी लागतील. ती पत्रं रखमाबाईंची होती. अकराव्या वर्षी लग्न, लग्नानंतर शाळा बंद आणि मुलीच्या बुद्धीची वाढ तिथेच खुंटणं, हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. त्याच सुमारास नवऱ्यानं त्यांच्यावर नांदायला येण्यासाठी दावा लावला होता. 1887 मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयानं नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत आणि राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षं रुग्णसेवा केली. त्यांनी नाव का झाकलं आणि शिव्या देणारा नाव का झाकतो, यातला फरक ओळखायला साधी खूण आहे. नाव काढून टाकल्यावरही ज्या मजकुरातली माहिती आणि कारणं उभी राहतात, त्याला नावाची गरज नाही. नाव काढल्यावर ज्यात नुसता राग उरतो, त्याला नाव जोडूनही फायदा नाही.

भावना दुखावण्याचा आक्षेप सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत जोरदार. आगरकरांनी 1888 साली 'सुधारक' काढला आणि विधवांच्या केशवपनापासून बायकांनी जाकिटं घालावीत इथपर्यंत रोजच्या जगण्यातल्या गोष्टींवर निबंध लिहिले. पुण्यातल्या सनातन्यांनी ते हयात असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून 1934 साली अश्लीलतेचा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर लढले. कर्वे खटला हरले, दंड भरावा लागला. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदवर फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यांपैकी एकीनं तर मजकूर नुसता 'लाइक' केला होता. त्या घटनेतून श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66-अ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे आणि निर्बंधाचा प्रश्न तिसऱ्या पायरीवर येतो, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. कुणाला तरी राग आला, एवढ्यावर रेषा आखली तर आगरकर आणि कर्वे दोघेही रेषेपलीकडे पडतात. म्हणून रेषा ऐकणाऱ्याच्या रागावर आखायची नाही, बोलण्यातून प्रत्यक्ष होऊ घातलेल्या हानीवर आखायची. एखाद्या समाजाला मारा, हाकला, असं सांगणारं वाक्य मताच्या कक्षेत बसत नाही. त्याच्यात तपासण्यासारखी माहिती नसते आणि खोडण्यासारखं कारणही नसतं.

शेवटचा आक्षेप निराशेचा आहे. बोलून काय होणार, कुणी ऐकत तरी आहे का? लगेच काही होत नाही, हे कबूल. रखमाबाईंची पत्रं 1885 ची. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला, त्यानं मर्यादा दहावरून फक्त बारावर नेली. परक्या सरकारनं आमच्या चालीरीतींत हात घालू नये, म्हणून टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला होता. आगरकर आणि रा. गो. भांडारकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. शारदा कायदा यायला 1929 साल उजाडलं आणि तेव्हाही मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदाच ठरलं. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं. परंतु या चव्वेचाळीस वर्षांत वाद कशावर झाला ते पाहिलं, तर बोलण्याचा परिणाम दिसतो. टिळकांच्या विरोधातही मुख्य मुद्दा कायदा कुणी करावा हा होता; बालवयातलं लग्न चांगलं की वाईट, ही बाजू सुधारकांनी हळूहळू जिंकत आणली होती. जाहीर मतांमुळे माणसं एका रात्रीत बदलत नाहीत. समाजात कोणत्या गोष्टीचं समर्थन उघडपणे करायची लाज वाटू लागते, ती हद्द मात्र सरकते. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' काढताना आंबेडकरांसमोर हाच हिशेब होता. अस्पृश्यांविषयी इतर वर्तमानपत्रं काय लिहितील याची वाट पाहण्यापेक्षा त्यांचं म्हणणं त्यांच्याच पत्रातून मांडलं जाणं त्यांना आवश्यक वाटलं. दुसऱ्यानं आपल्याबद्दल दिलेल्या मतात आपल्या घरातली माहिती येत नाही, हे त्यामागचं व्यावहारिक कारण होतं.

तेव्हा पुढल्या वेळी एखाद्या घडामोडीवर मत द्यावंसं वाटेल, तेव्हा अवश्य द्या. फक्त तीन प्रश्नांची उत्तरं त्यात असू द्या. मी हे कुठे उभा राहून बोलतो आहे, आणि इथून मला दिसतं ते इतरांना न दिसण्यासारखं काय आहे? माझं म्हणणं ज्या गोष्टीवर उभं आहे ती मी स्वतः पाहिली, की कुणीतरी पाठवली म्हणून पुढे ढकलली? आणि काय दाखवलं तर मी माझं मत बदलेन? 'आमच्या गावाला एसटी सकाळी एकदाच येते, कॉलेज अकराला भरतं, म्हणून मुली बारावीनंतर घरी बसतात', हे शिक्षण धोरणावरचं पूर्ण मत आहे. ते खोडता येतं, तपासता येतं आणि खरं निघालं तर डेपो मॅनेजरला दुसरी गाडी सोडायला लावता येते. 'या देशात शिक्षणाचा बट्ट्याबोळ झाला आहे', यातून कुणाला काहीच करता येत नाही. पहिल्या प्रकारचं एक वाक्य लिहायला दुसऱ्या प्रकारच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त कष्ट पडतात. ते कष्ट घ्या.